खून आणि खूण

पावसाची रात्र आहे. आडरानातल्या एका घरापाशी पैशांची गाडी मुक्कामाला थांबली आहे. दरोडेखोर येतात, पहारेकऱ्यांना मारतात, पैसे ताब्यात घेतात. एवढ्यावर ते निघून जाऊ शकले असते, पण ते घरात शिरतात. बापाला गोळी घालतात. आई आणि बहिणीवर बलात्कार करून त्यांनाही मारतात आणि घराला आग लावतात. कोपऱ्यात दडलेला लहान मुलगा हे सगळं बघतो. चेहरे त्याला धड दिसत नाहीत, दिसतात त्या खुणा. एकाच्या छातीवर चार एक्के गोंदलेले, एकाच्या कानात बाळी, एकाच्या तोंडावर व्रण, एकाच्या गळ्यात कवटीचं पदक. कुणाच्या तरी बुटाच्या टाचेची, घोड्याला टोचायची आर तिथंच पडून राहते. जाता जाता ज्याच्या गळ्यात कवटी आहे तो माणूस मुलाला जळत्या घरातून बाहेर काढतो.

‘दा उओमो आ उओमो’ या १९६७ सालच्या इटालियन चित्रपटाची ही पहिली काही मिनिटं. इंग्रजीत तो ‘डेथ राइड्स अ हॉर्स’ या नावानं चालला. दिग्दर्शक जुलिओ पेत्रोनी, पटकथा लुचानो विन्चेन्झोनी, संगीत एन्निओ मोरिकोने. मूळ नावाचा अर्थ साधारण ‘मर्दाशी मर्द’ असा होईल. पंधरा वर्षांनी तो मुलगा, म्हणजे जॉन फिलिप लॉ, नेमबाज होऊन एकेक खूण शोधत निघतो. त्याच वेळी ली व्हॅन क्लीफ पंधरा वर्षांची कैद भोगून तुरुंगातून सुटतो. त्याला याच टोळीनं अडकवलेलं असतं. माणसं तीच, पण एकाला त्यांचा जीव हवा आहे आणि दुसऱ्याला पैसे.

हा चित्रपट मी पोशेऱ्यात, मोबाईलवर पाहिला. मोखाडा तालुक्यातल्या आमच्या गावात बसून सहा इंची पडद्यावर स्पेनचं वाळवंट बघण्यात काही विचित्र आहे असं मला वाटलं नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडचे माळ तसेच दिसतात. चित्रपटाच्या फुकट, धुरकट प्रती इंटरनेटवर पुष्कळ आहेत. त्यातली एखादी तुम्हीही बघा. क्वेंटिन टॅरंटिनोचा ‘किल बिल’ पाहिला असेल तर यातलं संगीत ओळखीचं वाटेल, त्यानं ते इथूनच घेतलं आहे.

पण मला लिहायचंय ते या गोष्टीच्या प्रवासाबद्दल. ही सूडकथा इटलीतून मुंबईला आली आणि मुंबईहून आमच्या गावात. वाटेत तिच्यातून काय गळून पडलं, याचा हिशोब मला मांडायचा आहे.

आधी इटलीचं बघू. १९६४ मध्ये सर्जिओ लिओनेनं ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ केला तेव्हा त्याच्याकडं साधारण दोन लाख डॉलर होते. हॉलिवूडच्या मानानं ही चिल्लर. क्लिंट ईस्टवूड तेव्हा टीव्हीवरचा नट होता, त्याला पंधरा हजार डॉलर मिळाले. श्रेयनामावलीत लिओने ‘बॉब रॉबर्टसन’ झाला आणि मोरिकोने ‘डॅन सॅव्हिओ’, म्हणजे प्रेक्षकाला वाटावं की चित्रपट अमेरिकनच आहे. गोष्ट अकिरा कुरोसावाच्या ‘योजिम्बो’ची होती, परवानगी न घेता उचललेली. त्यावरून खटला झाला आणि जपानी मंडळींना नफ्यातला वाटा द्यावा लागला. त्यामुळं कुणी कुणाचं उचललं ही चर्चा मला कंटाळवाणी वाटते. या घराण्यात मूळपुरुषच उसना आहे.

ही मंडळी काटकसर कशी करायची ते बघण्यासारखं आहे. नेहमीच्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवर एका चौकटीला चार छिद्रांची उंची लागते. इटलीत टेक्निस्कोप नावाची पद्धत निघाली, तिच्यात दोनच छिद्रं लागत. म्हणजे फिल्म निम्मी, भिंगंही साधीच, आणि पडदा मात्र रुंद. चौकट लहान असल्यामुळं चित्र जरा रवाळ यायचं. घामानं निथळणारे, खरबरीत, पडदाभर पसरलेले ते चेहरे आपल्या डोक्यात बसले आहेत, त्यात या रव्याचाही वाटा आहे. आवाज सगळा नंतर भरायचा. नट आपापल्या भाषेत बोलत, इटालियन इटालियनमध्ये, स्पॅनिश स्पॅनिशमध्ये, अमेरिकन इंग्रजीत. चित्रीकरण व्हायचं दक्षिण स्पेनमधल्या आल्मेरिया प्रांतात. ऊन फुकट होतं आणि माणसं स्वस्त, कारण फ्रँकोच्या स्पेनमधला हा अतिशय गरीब मुलूख. मेक्सिकन शेतकरी म्हणून पडद्यावर जी गर्दी दिसते ती बहुतेक तिथलीच माणसं, त्यांत पुष्कळसे जिप्सी. (आज त्याच आल्मेरियात मैलोन् मैल प्लास्टिकची हरितगृहं आहेत. त्यांत आफ्रिकेतून आलेले मजूर युरोपसाठी टोमॅटो पिकवतात. पण तो वेगळा चित्रपट झाला.)

साठ आणि सत्तरच्या दशकांत असे पाचशेहून जास्त वेस्टर्न निघाले. बरेचसे टाकाऊ होते. ‘दा उओमो आ उओमो’ टाकाऊ नाही, थोरही नाही. मधे तो रेंगाळतो. बायका त्यात फक्त मरायला येतात, आणि हा दोष या सगळ्या जातीलाच आहे. पण त्यात एक गोष्ट अशी आहे की तिच्यामुळं मी तो दोनदा पाहिला.

नायक त्या खुणांच्या मागं जातो तेव्हा त्याला दरोडेखोर सापडत नाहीत, प्रतिष्ठित लोक सापडतात. चार एक्केवाल्याचा मोठा सलून आहे, म्हणजे दारूचा आणि जुगाराचा अड्डा. दुसरा तर गावातला बडा माणूस आहे. त्याचा बँकेशी आणि सरकारी पैशाशी संबंध आहे, लोक त्याला टोपी काढून नमस्कार करतात. त्या पावसाळी रात्रीच्या पैशावर पंधरा वर्षांत एक अख्खं गाव उभं राहिलेलं आहे. म्हणून नायक छातीवरचे एक्के शोधतो तेव्हा तो नकळत दुसराही एक प्रश्न विचारत असतो: तुमच्याकडं हे सगळं आलं कुठून?

आता मुंबई. ११ मे १९७३ रोजी ‘जंजीर’ प्रदर्शित झाला. लेखक सलीम-जावेद, दिग्दर्शक प्रकाश मेहरा. दिवाळीची रात्र, फटाक्यांच्या आवाजात गोळ्यांचा आवाज बुडतो. कपाटात लपलेला मुलगा आईबापाचा खून बघतो. मारेकऱ्याचा चेहरा दिसत नाही, दिसते मनगटावरची साखळी आणि तिला लटकणारा पांढरा घोडा. मुलगा मोठा होतो, इन्स्पेक्टर होतो, आणि रात्री स्वप्नात पांढरा घोडा बघून दचकतो. त्याच वर्षी ‘यादों की बारात’ आला, लेखक तेच. तिथं मारेकऱ्याच्या दोन पायांत दोन मापांचे बूट असतात, एक आठ नंबरचा, एक नऊचा. खून आणि खूण. मराठीत हे दोन शब्द एका अक्षराच्या अंतरावर आहेत, आणि सत्तरच्या दशकातला निम्मा हिंदी सिनेमा त्या अंतरात मावतो.

‘जंजीर’ मला आवडतो. त्यातला खलनायकही प्रतिष्ठित आहे, हे मान्य. पण त्याच्या प्रतिष्ठेशी नायकाला देणंघेणं नाही. साखळीवरचा घोडा ओळखू आला की काम झालं. इटालियन चित्रपटात खूण हे दार होतं, त्यातून आत गेलं की पैसा दिसायचा. आपल्याकडं खूण हेच घर झालं.

दोन वर्षांनी ‘शोले’ आला आणि तिथं ही गोष्ट जास्त स्पष्ट होते.

१९६८ मध्ये लिओनेनं ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ केला. तो काही स्वस्त चित्रपट नव्हता. तोवर लिओनेला हॉलिवूडचा पैसा मिळू लागला होता, हा त्या जातीतला श्रीमंत चुलतभाऊ म्हणा. त्यात मॅकबेन नावाच्या माणसाचं अख्खं कुटुंब अंगणात मारलं जातं. आधी रातकिडे गप्प होतात. मग गोळ्या. शेवटी एक लहान मुलगा उरतो आणि मारेकरी त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. ‘शोले’मधला ठाकूर कुटुंबाच्या हत्याकांडाचा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वाचताना झोपाळ्याची कुरकुर ऐकू आली असेल.

पण मॅकबेनला मारलं का? त्याच्या ओसाड जमिनीत पाणी होतं. त्या टापूत दुसरीकडं पाणी नव्हतं. रेल्वे येणार होती, वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं, त्यामुळं स्टेशन तिथंच होणार आणि त्या जमिनीचं सोनं होणार, हे मॅकबेननं ओळखलं होतं. रेल्वेच्या मालकाचा माणूस येऊन त्याला आणि त्याच्या पोरांना संपवतो. चित्रपटाच्या शेवटी मॅकबेनची विधवा रूळ टाकणाऱ्या मजुरांना पाणी पाजायला बाहेर येते. क्लाउडिया कार्डिनालेनं ती भूमिका केली आहे. सूड तोवर उरकलेला असतो, पाणी उरतं.

‘शोले’नं त्यातला खून घेतला आणि पाणी सोडून दिलं. गब्बर ठाकुराचं कुटुंब मारतो, कारण ठाकुरानं त्याला पकडून तुरुंगात टाकलेलं असतं. दोन पुरुषांमधलं वैर, बस. रामगढची शेतं कुणाची, कसतं कोण, हे तीन तासांत कुणी विचारत नाही. पाणी एकदाच येतं, तेही टाकीच्या रूपात, वीरूला वर चढून मरायची धमकी देता यावी म्हणून. आमच्या तालुक्यात त्या टाकीचं कौतुक वेगळंच होतं. मोखाड्यात पाऊस धो धो पडतो, कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे आणि त्याचं पाणी मुंबईला जातं. उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. त्यामुळं एवढीशी वस्ती आणि एवढी मोठी टाकी, हे आमच्याकडच्या प्रेक्षकांना बसंतीच्या टांग्यापेक्षा जास्त अद्भुत वाटलं असेल तर नवल नाही.

आमच्या गावात ‘शोले’ आला तो व्हिडिओवर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी व्हिडिओ आणणं हा प्रकार पाहिला नसेल. गणपतीत वर्गणी काढून टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेटी भाड्यानं आणायच्या आणि रात्रभर सगळे पिक्चर संपवायचे, कारण सकाळी सामान परत करायचं असे. ‘शोले’ नेहमी शेवटी लावायचे, लोक झोपू नयेत म्हणून.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. उत्तर हिंदुस्थानात ठाकूर म्हणजे जमीनदार, राजपूत, वाड्यातला माणूस. आमच्याकडं जव्हार-मोखाड्यात ठाकूर म्हणजे आदिवासी. क ठाकूर आणि म ठाकूर. कुणी ठाकूर म्हणतं, कुणी ठाकर. वारली, महादेव कोळी, कातकरी यांच्यासारखीच अनुसूचित जमातींच्या यादीतली ही जमात. दिवाळीनंतर घराला कडी घालून वीटभट्टीवर जाणाऱ्यांत ठाकूरही असतात. तर त्या रात्री आमच्या शेजारचे एक आजोबा, तेही ठाकूरच, पडद्यावर कुणीतरी ‘ठाकूरसाब’ म्हटलं की कान टवकारत होते. वाडा दिसला तेव्हा त्यांनी विचारलं, “आपल्यात एवढा वाडा कुणाचा रं?” सगळे हसले. पुढं शाल खाली पडते आणि ठाकुराला हात नाहीत हे कळतं. सगळे चिडीचूप. तेव्हा आजोबांनी शांतपणे विचारलं, “ह्याचं हात सावकारानं तोडलं का?”

तेव्हा आम्ही पोरं पुन्हा हसलो. त्यांना हिंदी कळत नव्हतं, असं कुणीतरी म्हणालं. पुढं इतिहास वाचू लागलो तेव्हा लक्षात आलं, की आजोबा त्यांच्या ओळखीची गोष्ट बघत होते. त्यांच्या गोष्टीत ठाकूर हा वाड्यातला असूच शकत नव्हता, आणि त्याचे हात गेले असतील तर ते कोण घेऊन गेलं याबद्दल त्यांना शंका नव्हती.

अवयव तोडण्याच्या गोष्टी आमच्या डोंगरांना नव्या नाहीत. इथून घाट चढून गेलं की नाशिकची हद्द लागते, तिच्यापलीकडं अकोले तालुका. तिथल्या देवगावचा राघोजी भांगरे हा महादेव कोळी. १८४४ च्या सुमारास त्यानं बंड केलं. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, नगर-नाशिक आणि ठाण्याकडं, त्याच्या टोळ्या फिरत. त्यांचा रोख सावकारांवर होता. सावकारांची नाकं-कानं कापल्याच्या नोंदी इंग्रजांच्या कागदांत आहेत. त्याला पंढरपुरात पकडलं आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. आज त्याला आद्यक्रांतिकारक म्हणतात, त्याच्या नावाचे चौक आहेत. ज्या कागदांत त्याचं नाव आधी आलं तिथं मात्र तो दरोडेखोर आहे.

आता हे ‘शोले’शेजारी ठेवून बघा. डोंगरात लपलेली टोळी. खाली उतरून धान्य आणि पैसा नेणारी. शत्रूचे अवयव कापणारा म्होरक्या. त्याला पकडायला निघालेला पोलीस अधिकारी. १८४६ साली सरकारी बाजूनं कुणी सिनेमा काढला असता तर तो ‘शोले’सारखाच दिसला असता, आणि गब्बरच्या जागी राघोजी असता. गब्बर हा राघोजी होता, असं मी म्हणत नाही. पडद्यावरचा गब्बर गरीब गावकऱ्यांनाच लुटतो, त्याची बाजू घेण्यासारखं त्यात काही नाही. त्याच नावाचा खरा दरोडेखोर पन्नासच्या दशकात चंबळ भागात होता, लोकांची नाकं कापण्याबद्दल कुप्रसिद्ध. १९५९ मध्ये तो पोलिसांच्या हातून मारला गेला. सलीम खान यांचे वडील इंदूरकडं पोलीस अधिकारी होते, ही गोष्ट सलीम यांच्या घरात ऐकलेली. म्हणजे कॅमेरा पहिल्यापासूनच चौकीत उभा होता. दरोडेखोर डोंगरात का गेला, हा प्रश्न चौकीतून दिसत नाही.

खुणांबद्दलही आमच्याकडं वेगळा इतिहास आहे. ज्याला लिहिता येत नसे तो जुन्या मराठी कागदांवर निशाणी करायचा. कुणब्याची निशाणी नांगर, शिपायाची कट्यार, बाईची बांगडी. पुढं अंगठा आला. ‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्द आमच्या तालुक्यातल्या कितीतरी कागदांवर सापडतील. इटालियन सिनेमात खूण मारेकऱ्याच्या अंगावर असते आणि बळी तिच्या मागं जातो. इथं खूण बळीचीच होती, सावकाराच्या कागदावर उमटलेली. ती घेऊन सावकार त्याच्या मागं यायचा, त्याच्या पोराच्याही मागं यायचा.

म्हणून १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात जे घडलं ते मला कुठल्याही सूडपटापेक्षा थरारक वाटतं. बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कर्जरोखे. रोखे मिळाले की ते पेटवून द्यायचे. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरला, पण माणसं मारण्याकडं त्याचा कल नव्हता. जिथं सावकारानं मुकाट्यानं कागद दिले तिथं बहुतेक वेळा त्याला हात लावला नाही. नांगराच्या त्या सगळ्या निशाण्या धुरात गेल्या. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. यात सूड आहेच. पण त्याला नायक नाही, मोठा चेहरा नाही, शेवटची समोरासमोरची झुंज नाही. टेक्निस्कोपनं करायचं काय इथं?

सत्तर वर्षांनी, आमच्याच जिल्ह्यात, याहून अवघड गोष्ट घडली. डहाणू-तलासरीच्या भागात वारल्यांची लग्नगडी म्हणून पिळवणूक चालायची. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्यापायी नवरा-बायकोनं जन्मभर त्याच्याकडं राबायचं. शिवाय वेठ. शिवाय मार. ज्याच्याकडं सूड घ्यायला वैयक्तिक कारण नाही असं एक घर सापडलं नसतं. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सगळं लिहून ठेवलं आहे. मे १९४५ मध्ये झरी गावच्या परिषदेत हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवलं की फुकट राबायचं नाही, वेठ करायची नाही. लग्नगड्यांना सोडवायला लोक लाल बावटा घेऊन या गावाहून त्या गावाला गेले. मग गवत कापण्याचा दर वाढवून मागितला आणि संप केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगडसह पाच जण गेले.

यानंतर वेस्टर्नमध्ये काय झालं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. जेठ्याचा मुलगा कोपऱ्यातून बघत असता, शिपायाच्या पट्ट्याचा नंबर त्याच्या डोळ्यांत बसला असता. तलवाड्यानंतर संप मोडला नाही, पुढं चालू राहिला आणि मजुरीचा दर मिळाला. मारणाऱ्याला शोधत कुणी पंधरा वर्षं फिरलं नाही. फिरायला तेवढा मोकळा वेळ लागतो, घोडा लागतो. नेमबाजी शिकत बसलेल्या त्या नायकाला जेवायला कोण घालत होतं, हा प्रश्न पेत्रोनीच्या चित्रपटात मला पहिल्यापासून सतावतो.

इटालियनांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांच्यातले बरेच जण डावे होते. १९६६ मध्ये दामिआनो दामिआनीनं ‘क्विएन साबे?’ केला. त्याच्या पटकथेत फ्रँको सोलिनासचा हात होता, त्याच वर्षीच्या ‘बॅटल ऑफ अल्जिअर्स’चा लेखक. मेक्सिकन क्रांतीचा काळ आहे. एल चुंचो नावाचा दरोडेखोर बंदुका लुटून क्रांतिकारकांना विकतो, त्याला क्रांतीचं फारसं कळत नाही. त्याच्याबरोबर एक गोरागोमटा अमेरिकन आहे, तोंडावर गोड. शेवटी चुंचोच्या लक्षात येतं की मित्र म्हणवणाऱ्या या माणसानं त्याला श्रीमंत केलं आहे, आणि क्रांतीचा सेनापती मारून केलं आहे. तो त्याला गोळी घालतो. का घालतो, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. हातातला पैसा तो स्टेशनावरच्या एका गरिबाला देऊन टाकतो आणि सांगतो, याची भाकरी घेऊ नकोस, सुरुंगाची दारू घे. चुंचोचं काम करणारा जान मारिया व्होलोन्ते स्वतः कम्युनिस्ट होता. माझ्या मते या सगळ्या स्वस्त वेस्टर्नांत हा सगळ्यात चांगला. त्यातला सूड एका माणसाच्या घरापुरता नाही. पण मुंबईनं नेमका हाच उचलला नाही. मुंबईनं उचलला तो पोशाख: ‘खोटे सिक्के’मध्ये फिरोज खान ईस्टवूडसारखा घोड्यावरून आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हा इतिहास मराठी माणसांना वगळून सांगता येत नाही, आणि त्यांची नावं सहसा कुणी घेत नाही. रामगढ उभं केलं ते राम येडेकर यांनी. ते ‘शोले’चे कलादिग्दर्शक. बंगळूरजवळच्या रामनगरचे खडक त्यांनी हेरले आणि तिथं अख्खं गाव बांधलं. संकलन माधव शिंदे यांचं. झोपाळा, वारा, घोड्यावरून उतरणारा गब्बर आणि शेवटी न दिसणारी गोळी ही मोजणी त्यांच्या टेबलावर झाली. ‘शोले’ला फिल्मफेअरचं एकच पारितोषिक मिळालं, ते शिंद्यांच्या संकलनाला. गब्बरच्या हातून मरणारा कालिया म्हणजे विजू खोटे, आणि गब्बरचाच दुसरा बळी अहमद म्हणजे सचिन पिळगावकर. मुंबईच्या मिनर्व्हात चित्रपट पाच वर्षांहून जास्त चालला.

शेवट मात्र लेखकांनी लिहिला तो लोकांना बघायला मिळाला नाही. मूळ शेवटात हात नसलेला ठाकूर खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरला तुडवून मारतो. पण जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली होती आणि चित्रपट १५ ऑगस्टला यायचा होता. सेन्सॉरनं सांगितलं की निवृत्त पोलीस अधिकारी कायदा हातात घेताना दाखवता येणार नाही. शेवट पुन्हा चित्रित केला, ऐन वेळी पोलीस येतात आणि गब्बरला घेऊन जातात. त्या महिन्यात देशभर हजारो माणसं विनाचौकशी तुरुंगात होती आणि सरकारला काळजी होती ती गब्बरला न्यायालयासमोर उभं करण्याची.

जून २०२५ मध्ये ‘शोले’ची दुरुस्त केलेली, न कापलेली प्रत पहिल्यांदा दाखवली गेली, आणि तीही इटलीत. बोलोन्या शहरातल्या मोठ्या चौकात, उघड्यावर, रात्री. आमच्या गणपतीतल्या व्हिडिओसारखंच म्हणायचं, पडदा तेवढा मोठा. पन्नास वर्षांनी ठाकुराचा सूड पुरा झाला, आणि ज्यांच्याकडून तो शिकला त्यांच्या अंगणात झाला.

त्या मूळ शेवटाआधी एक लहानसा प्रसंग आहे. ठाकुराचा नोकर रामलाल खाली बसून मालकाच्या जोड्यांना खिळे ठोकत असतो. सत्येन कप्पूनं केलेला हा रामलाल आख्ख्या चित्रपटात ठाकुराबरोबर असतो. ठाकुराला हात नाहीत, म्हणजे त्याला भरवायचं रामलालनं, शाल पांघरायची रामलालनं, जोडे घालायचे तेही रामलालनं. त्याचं घर कुठं आहे, त्याला कोण आहे, पगार किती आणि तो वेळेवर मिळतो का, कशाचा पत्ता नाही. हत्याकांड झालं तेव्हा तो कुठं होता, तेही कुणी विचारत नाही. तो एकेक खिळा उचलतो, तळव्यावर नीट टेकवतो आणि हातोडी मारतो.